नगरपरिषदेच्या सायबर सुरक्षेसाठी सरकारी निधी: फाइल परत येणार नाही असा प्रस्ताव कसा करायचा

"फायरवॉल १, सर्व्हर १, अँटिव्हायरस ४०. सोबत दरपत्रक जोडले आहे. मंजुरी मिळावी, ही विनंती." अशा एका पानाच्या प्रस्तावावर येणारा शेरा ठरलेला आहे: "आवश्यकता स्पष्ट करावी." आणि फाइल परत. (फायरवॉल म्हणजे इंटरनेट आणि कार्यालयाचं नेटवर्क यांच्यामध्ये बसणारा पहारेकरी.) काही छोट्या नगरपरिषदांच्या संगणक विभागांबरोबर बसून मी असे प्रस्ताव केले आहेत. त्यातले पहिले दोन असेच परत आले. शेरा मारणाऱ्याची त्यात चूक नव्हती. आम्ही त्याला बाजाराची यादी पाठवली होती आणि गरज आमच्याच डोक्यात ठेवली होती.

हा लेख प्रामुख्याने 'क' आणि 'ब' वर्ग नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी आहे. मुख्याधिकारी, संगणक अभियंता, किंवा "तुला कॉम्प्युटरचं कळतं ना" म्हणून ज्याच्या टेबलावर हे काम येऊन पडलं तो लिपिक, हे माझे वाचक. ग्रामपंचायत आणि पंचायत समितीलाही यातलं बरंचसं लागू पडेल.

पैसा कुठल्या नावाखाली असतो

'सायबर सुरक्षा अनुदान' अशा नावाची योजना शोधण्यात आठवडा घालवू नका. अमेरिकेत तसं अनुदान सुरू झालं होतं. तिथल्या २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यानं राज्यं आणि स्थानिक संस्थांच्या सायबर सुरक्षेसाठी चार वर्षांत १ अब्ज डॉलर ठेवले. त्यातले किमान ८० टक्के स्थानिक संस्थांपर्यंत पोचवायची अट होती, आणि आधी आराखडा, मग पैसा असा क्रम होता. आपल्याकडे पैसा दुसऱ्या नावांखाली असतो आणि त्या नावाच्या भाषेतच तो मागावा लागतो.

पहिली जागा म्हणजे नगरपरिषदेचा स्वनिधी. रक्कम लहान असते, पण मंजुरी घरातच मिळते. जानेवारी-फेब्रुवारीत अंदाजपत्रक तयार होताना 'संगणकीकरण' या शीर्षाखाली वेगळी ओळ टाकून घ्या. ही ओळ नसेल तर वर्षभर कुठलाही लेखापाल तुम्हाला दारात उभं करणार नाही.

दुसरी जागा जिल्हा वार्षिक योजना. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात आणि जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. या योजनेत 'नावीन्यपूर्ण योजना' असा एक छोटा कप्पा असतो. नियमित योजनांत न बसणाऱ्या कामांसाठी तो आहे, आणि सायबर सुरक्षा नेमकी तिथं बसते.

तिसरी जागा वित्त आयोगाचं अनुदान. त्यात बंधित (ठरावीक कामांसाठीच) आणि अबंधित असे दोन भाग असतात. पंधराव्या आयोगात बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखलेला होता, आणि अबंधित भागातूनही पगार व आस्थापना खर्च करता येत नव्हता. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा पाच वर्षांचा काळ सुरू होतो. त्याच्या मार्गदर्शक सूचना समोर ठेवूनच अबंधित भागाला हात घाला. जुन्या आयोगाची टक्केवारी नव्या प्रस्तावात उतरवली, की पहिल्याच टेबलावर फाइल अडते.

वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठी नगरपरिषदांना विशेष अनुदान मिळतं, तेही काही जण सुचवतात. मी तिकडे जाणार नाही. तिथं सभागृहं, उद्यानं आणि रस्त्यांची रांग असते, आणि फायरवॉलची कोनशिला बसवता येत नाही.

आधी मोजदाद

पैसा मागण्याआधी आपल्याकडे काय आहे ते एका तक्त्यात आणा. प्रत्येक संगणकाचा विभाग, खरेदीचं वर्ष, विंडोजची आवृत्ती, अँटिव्हायरस चालू की बंद, आणि त्यावर कोणकोण बसतं. त्याखाली सर्व्हर, राउटर, वाय-फाय, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र. शेवटी बाहेरच्या प्रणाली: मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू नोंदणी, बांधकाम परवानगी, संकेतस्थळ, ई-मेल. प्रत्येकीपुढे लिहा, पासवर्ड कोणाकडे आहे.

या शेवटच्या रकान्यात घाम फुटतो. एका ठिकाणी संकेतस्थळाचा पासवर्ड तीन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या ठेकेदाराच्या मुलाकडे निघाला. दुसरीकडे एकाच लॉगिनवर चार जण दाखले काढत होते, आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला होता. हसू नका, आपल्या कार्यालयात एक फेरी मारून या. यवतमाळ जिल्ह्यातल्या शेंदुरसनी ग्रामपंचायतीच्या नावावर हजारो संशयास्पद जन्मनोंदी झाल्याचं २०२५ च्या अखेरीला उघडकीला आलं. दाखल्यांच्या लॉगिनची किंमत काय असते, हे त्यावरून कळतं.

विंडोजचा रकाना तुमच्या प्रस्तावातला सगळ्यात भक्कम पुरावा ठरेल. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० पासून सुरक्षा सुधारणा देणं थांबवलं, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. "४० पैकी २९ संगणक अशा प्रणालीवर आहेत, जिला आता सुरक्षा सुधारणा मिळत नाहीत" हे वाक्य कोणालाही कळतं. त्यासाठी संगणकाचं ज्ञान लागत नाही.

फुकटात होतं ते करून टाका

हे काम वरवर प्रस्तावाशी संबंधित वाटत नाही, पण आहे. छाननी करणारा माणूस पहिल्यांदा हेच पाहतो की यांनी स्वतः काय केलं.

प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र लॉगिन द्या. बदली किंवा निवृत्तीच्या दिवशी जुनं लॉगिन बंद करण्याचा कार्यालयीन आदेश काढा आणि त्याची प्रत जपून ठेवा. राउटर आणि सीसीटीव्ही रेकॉर्डरचे कंपनीनं दिलेले मूळ पासवर्ड बदला. जिथं ओटीपीची दुसरी पडताळणी आहे तिथं ती सुरू करा. कार्यालयीन पत्रव्यवहार खासगी जीमेलवरून होत असेल, तर जिल्हा माहिती विज्ञान अधिकाऱ्यांमार्फत सरकारी ई-मेल मागा. संकेतस्थळ खासगी सर्व्हरवर पडलेलं असेल, तर एनआयसीच्या, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राच्या, 'एसथ्रीवास' या तयार आणि सुरक्षित व्यवस्थेवर ते नेता येतं का, हेही त्यांनाच विचारा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची व्हायरस शोधणारी साधनं २०१७ पासून मोफत उपलब्ध आहेत. आयगॉट कर्मयोगी या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ऑनलाइन प्रशिक्षण मंचावर सायबर सुरक्षेचे अभ्यासक्रम आहेत. दहा कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रं छापून प्रस्तावाला जोडली, की तुमचं वजन वाढतं.

बॅकअपचं मात्र आजच पाहा, कारण निधी यायला वर्ष लागतं. कर विभागाचा डेटा रोज एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. काढून, हे महत्त्वाचं. रॅन्समवेअर, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, संगणकाला जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो. माझ्या ओळखीच्या एका कार्यालयात बॅकअप व्यवस्थित होता, फक्त तो चोवीस तास त्याच सर्व्हरला जोडलेला होता. मागणीची नोंदवही पुढचे दोन महिने छापील बिलांवरून पुन्हा भरावी लागली.

लेखापरीक्षण स्वतःच्या खिशातून

आता माझं ठाम मत. पहिल्याच फेरीत उपकरणं मागू नका. स्वनिधीतून सायबर सुरक्षेचं लेखापरीक्षण करून घ्या, त्याचा अहवाल हातात घ्या आणि मग उपकरणांचा प्रस्ताव पाठवा. अहवालाशिवाय 'फायरवॉल हवा' हे तुमचं मत असतं. अहवालासह ती तिसऱ्या, पात्र संस्थेनं नोंदवलेली त्रुटी होते, आणि त्रुटी नोंदल्यावर पैसा नाकारणं वरच्या कार्यालयाला जड जातं.

लेखापरीक्षक मात्र सर्ट-इनच्या यादीवरचाच घ्या. सर्ट-इन ही केंद्राची सायबर घटनांसाठीची यंत्रणा, आणि पात्र संस्थांची यादी तिच्या संकेतस्थळावर असते. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर सायबर सुरक्षा लेखापरीक्षण ही सेवा म्हणून विकत घेता येते. जुलै २०२५ मध्ये सर्ट-इननं लेखापरीक्षणाची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि वर्षातून किमान एकदा लेखापरीक्षण व्हावं असं त्यात म्हटलं आहे, हा संदर्भ टिपणीत टाका. कामाच्या व्याप्तीत संकेतस्थळ, कार्यालयातलं नेटवर्क आणि किमान एक कर प्रणाली घाला. नुसत्या संकेतस्थळाचं प्रमाणपत्र स्वस्तात मिळतं, पण प्रस्तावाला त्याचा उपयोग नाही. आणि जो लेखापरीक्षण करेल, त्याच्याकडूनच पुढे उपकरणं घेऊ नका. डॉक्टरचंच औषधाचं दुकान असलं, की चिठ्ठी लांबते.

टिपणी: इथं वेळ घाला

प्रस्ताव वाचणाऱ्या तिघांची कल्पना करा. जिल्हा प्रशासन अधिकाऱ्यांच्या कार्यालयातला सहायक, जिल्हा नियोजन अधिकारी, आणि जिल्हाधिकारी. तिघांनाही सायबर हल्ल्याची भीती आहे, पण तुमचं कार्यालय काय गमावेल हे त्यांना ठाऊक नाही. ते त्यांच्या ओळखीच्या शब्दांत सांगा: कर वसुली, दाखले, नागरिकांची गैरसोय, न्यायालयीन प्रकरणं.

म्हणून सुरुवात फायरवॉलनं नको, वसुलीच्या आकड्यानं करा. नमुना असा:

"नगरपरिषद हद्दीतील ____ मालमत्तांची कर आकारणी नोंदवही संगणकीकृत असून सन ____ ची एकूण मागणी रु. ____ आहे. सदर नोंदवही ज्या सर्व्हरवर आहे तो सन ____ मध्ये खरेदी केलेला असून त्यावरील प्रणालीस उत्पादक कंपनीकडून सुरक्षा सुधारणा मिळणे बंद झाले आहे. सर्ट-इन सूचीतील लेखापरीक्षकाने दि. ____ रोजीच्या अहवालातील मुद्दा क्र. ____ मध्ये ही त्रुटी 'गंभीर' म्हणून नोंदविली आहे. सदर माहिती नष्ट वा कुलूपबंद झाल्यास वसुली ____ दिवस बंद राहील व नोंदवही पुन्हा तयार करण्यास अंदाजे ____ मनुष्यदिन लागतील."

मनुष्यदिन कसे काढायचे? एक लिपिक दिवसाला किती नोंदी पुन्हा भरतो ते एक दिवस खरंच मोजा आणि एकूण मालमत्तांना त्यानं भागा. हा आकडा फुगवू नका, खराच पुरेसा मोठा येतो.

यानंतर कायद्याचा परिच्छेद. तो चार ओळींचाच ठेवा, पण अचूक. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सरकारी संस्थांनाही सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि प्रणालींचे लॉग, म्हणजे कोणी कधी काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. तुमच्याकडे लॉग साठतच नसतील, तर तुम्ही आजच निर्देश पाळत नाही आहात, आणि तसं प्रामाणिकपणे लिहिणं हाच तुमचा युक्तिवाद आहे. दुसरा आधार डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. वैयक्तिक माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नगरपरिषदेकडे आधार क्रमांक, पत्ते, जन्माच्या नोंदी, योजनांच्या लाभार्थ्यांचे बँक खाते क्रमांक असतात, ते इथंच सांगा.

उदाहरण द्यायचं तर एक पुरे. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर रॅन्समवेअर हल्ला होऊन कार्यालयांचं ऑनलाइन काम थांबलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये तशाच हल्ल्यानंतर दिल्लीच्या एम्स रुग्णालयात नोंदणी कागदावर करावी लागली. महाराष्ट्रातला प्रस्ताव असेल तर पहिलं घ्या. दोन्ही घेऊन वर वर्तमानपत्रांची कात्रणं जोडू नका, ते पान कोणी वाचत नाही.

मग मागण्या, आणि प्रत्येक मागणीपुढे लेखापरीक्षणातला मुद्दा क्रमांक. ज्या मागणीपुढे क्रमांक नाही ती खोडून टाका. सभापतींच्या दालनातला नवा संगणक इथं घुसवण्याचा मोह होतो. तो खोडा, कारण छाननीत तोच पहिल्यांदा दिसतो आणि मग बाकीच्या ओळींवरही संशय येतो. माझा प्राधान्यक्रम असा: बॅकअपची व्यवस्था, कालबाह्य संगणक बदलणं, मध्यवर्ती नियंत्रणाचं अँटिव्हायरस, लॉग साठवण, आणि मग फायरवॉल. विक्रेते हा क्रम उलटा सांगतात.

भांडवली की महसुली

बहुतेक प्रस्ताव इथं अडखळतात. जिल्हा योजनेतून वस्तू मिळते, दरवर्षीचा खर्च मिळत नाही. फायरवॉलचा परवाना एक वर्षाचा घेतला, तर दुसऱ्या वर्षी तो दिवे लुकलुकणारा डबा होतो. म्हणून परवाना आणि देखभाल तीन किंवा पाच वर्षांची, खरेदीच्या किमतीतच समाविष्ट करून मागा. कराराच्या मुदतीनंतरचा खर्च नगरपरिषद स्वनिधीतून करेल असं हमीपत्र जोडा, आणि ते खोटं ठरू नये म्हणून स्वनिधीच्या अंदाजपत्रकात आतापासूनच लहानशी तरतूद ठेवा. नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाचं मानधन या प्रस्तावात मागू नका, ते इथं बसत नाही.

जोडपत्रं आणि मान्यता

सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, प्रशासक असतील तर त्यांचा प्रशासकीय ठराव. ठरावात 'संगणक साहित्य खरेदी' असं मोघम न लिहिता कामाचं पूर्ण नाव घाला, कारण पुढचा प्रत्येक कागद त्याच नावानं जुळवला जातो. एका शब्दाचा फरक पडला तरी त्रुटीपत्र येतं. याशिवाय अंदाजपत्रक, जेमवरच्या दरांची छापील पानं, लेखापरीक्षणाचा अहवाल, हमीपत्र, आणि हे काम दुसऱ्या कोणत्याही योजनेतून मंजूर नसल्याचं मुख्याधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र.

अहवालाबद्दल एक सावधानता. त्यात तुमच्या नेटवर्कच्या भगदाडांचा नकाशा असतो. पूर्ण अहवाल दहा टेबलांवरून फिरवू नका. त्रुटींची क्रमांकवार यादी आणि त्यांची गंभीरता एवढंच जोडा. मूळ अहवाल मुख्याधिकाऱ्यांच्या ताब्यात ठेवून 'मागणीनुसार गोपनीयरीत्या सादर केला जाईल' असं लिहा.

तांत्रिक मान्यता ही जरा चमत्कारिक गोष्ट आहे. गटाराला अभियंता मान्यता देतो, फायरवॉलला कोण देणार? ज्या योजनेतून मागता तिच्या शासन निर्णयात सक्षम प्राधिकारी कोण हे आधी वाचा, आणि काहीही असलं तरी जिल्हा माहिती विज्ञान अधिकाऱ्यांचा लेखी अभिप्राय घ्या. त्यांना तयार प्रस्ताव घेऊन भेटू नका. कच्चा मसुदा घेऊन जा आणि त्यांच्या दुरुस्त्या त्यात घाला. मग अभिप्राय लवकर मिळतो.

प्रस्ताव जिल्हा प्रशासन अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा नियोजन कार्यालयात जातो आणि जिल्हा योजनेचं पुढचं काम आय-पास या ऑनलाइन प्रणालीवर चालतं. तिथं भरलेलं कामाचं नाव आणि रक्कम ठरावाशी अक्षरशः जुळवून पाहा.

एकट्यानं जाण्याऐवजी तालुक्यातल्या किंवा जिल्ह्यातल्या तीन-चार नगरपरिषदांनी एकत्र प्रस्ताव द्यावा, असं मी आता आग्रहानं सांगतो. प्रत्येकीचा ठराव वेगळा, पण तांत्रिक भाग एकच. अमेरिकेच्या त्या योजनेत एकत्र येणाऱ्यांना स्वतःचा हिस्सा १० टक्क्यांनी कमी भरावा लागत होता. इथं तशी सवलत नाही, पण 'नावीन्यपूर्ण' हा शब्द सिद्ध करायला सामायिक बॅकअप व्यवस्थेसारखं उदाहरण सापडणं कठीण आहे, आणि जिल्हाधिकाऱ्यांनाही तालुक्यातालुक्याच्या फुटकळ मागण्यांपेक्षा जिल्ह्याचं एक काम मांडणं सोपं जातं.

कधी पाठवायचा

पुढच्या वर्षाचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात आकार घेतो. म्हणून लेखापरीक्षण पावसाळ्यात, ठराव सप्टेंबरच्या आसपास आणि प्रस्ताव दिवाळीच्या आधी. हे चुकलं तरी हातपाय गाळू नका. जानेवारीनंतर इतर विभागांचा न खर्चलेला निधी पुनर्विनियोजनात मोकळा होतो, आणि तेव्हा ज्याची फाइल पूर्ण तयार असते त्याला फोन येतो. त्रुटीपत्राला उत्तर न देता पडून राहिलेल्या फाइलला तो येत नाही. नियोजन कार्यालयात महिन्यातून एकदा स्वतः जाऊन यावं. चहा त्यांचा, चौकशी आपली.

मंजुरीनंतर

प्रशासकीय मान्यतेचा आदेश हातात आला, की त्यातली मुदत आधी पाहा. मार्चअखेर निधी परत जाण्याची भीती दाखवून घाईघाईत निविदा काढायला लावतात, आणि त्या घाईत अटी विक्रेताच लिहून देतो. निविदेचा मसुदा मंजुरीची वाट पाहतानाच करून ठेवा. त्यात कंपनीचं नाव येऊ देऊ नका, क्षमता लिहा: किती वापरकर्ते, किती वेग, लॉग किमान १८० दिवस साठतील एवढी जागा. सायबर सुरक्षा उत्पादनांत भारतीय बनावटीला प्राधान्य देण्याची केंद्राची अधिसूचना आहे, ती तपासा.

तीन अटी मी कधीच सोडत नाही. सर्व प्रशासकीय पासवर्ड काम संपताना बंद लिफाफ्यात मुख्याधिकाऱ्यांच्या ताब्यात. दोन कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष प्रशिक्षण. आणि शेवटचं देयक देण्याआधी बॅकअपवरून कर प्रणाली दुसऱ्या संगणकावर उभी करून दाखवणं. या तिसऱ्या अटीवर विक्रेते कुरकुरतात. कुरकुरू द्या.

काम झाल्यावर त्याच लेखापरीक्षकाकडून फेरतपासणी करून घ्या. किती त्रुटी मिटल्या याचा तक्ता उपयोगिता प्रमाणपत्राला जोडा. पुढच्या वर्षीचा प्रस्ताव तिथूनच सुरू होतो.

राहिली जडवस्तू संग्रह नोंदवही. फायरवॉल आणि संगणक तिथं सहज चढतात, सॉफ्टवेअरचे परवाने राहून जातात. मग दोन वर्षांनी स्थानिक निधी लेखापरीक्षेचे लोक येतात आणि म्हणतात, "चाळीस नग अँटिव्हायरस घेतलेत ना, दाखवा." परवान्याचं प्रमाणपत्र, त्याचा क्रमांक आणि संपण्याची तारीख छापून नोंदवहीच्या त्याच पानाला डकवून ठेवा.